पट्टा मनगटावर, हिशेब पोटावर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ह्युस्टन किंवा डॅलसहून निघालेले विमान अडीच-तीन तासांत मेक्सिकोतल्या कानकूनला उतरते. त्यात एखादे मराठी कुटुंब असतेच. मुलगा-सून आयटीत, नातवंडे शाळेत आणि नागपूर-पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, त्यामुळे आजी-आजोबांनाही नेणे सोपे. समुद्रकाठच्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात प्रत्येकाच्या मनगटावर रंगीत पट्टा बांधला जातो. खोली, पाच-सहा रेस्टॉरंटे, दिवसभर चालणारा बुफे, पोहण्याच्या तलावातला बार, आइस्क्रीमची गाडी, सगळे त्या पट्ट्यात आले. आजोबा सवयीने मेन्यूकार्डावर किमती शोधतात. किमती छापलेल्याच नसतात.

‘बाबा, इथे काही मोजायचं नाही. आपण पॉइंटवर आलोय.’

‘म्हणजे फुकट?’

‘जवळपास फुकटच.’

‘फुकट ते पौष्टिक’ ही आपली जुनी म्हण. कानकूनच्या बुफेत ती तपासून पाहायला हरकत नाही. कारण या ‘जवळपास फुकट’ सुट्टीत मेंदू, जठर, यकृत, त्वचा आणि झोप यांचे जे काही होते, त्यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बरेच संशोधन झाले आहे.

आधी ही पद्धत आली कुठून ते पाहू. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबूंचे एक सुट्टीगाव थाटले. त्याचे नाव क्लब मेड. पैसे एकदाच, आधीच द्यायचे आणि मग राहणे, जेवणे, खेळणे सगळे त्यात. पुढे या गावांत बारवर रोख पैशांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालू लागले. वरवर ही सोय पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो म्हणून. पण मणी काढून देताना पैसे दिल्यासारखे वाटत नाही, हा शोध त्यात लपलेला होता. आजचा प्लॅस्टिकचा पट्टा हा त्या मण्यांचाच वारस.

दुसरा धागा पॉइंटचा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नियमित प्रवाशांसाठी मैल मोजायला सुरुवात केली आणि १९८३ पर्यंत हॉलिडे इन, मॅरियट या हॉटेल साखळ्यांनीही आपापल्या योजना काढल्या. बराच काळ हे दोन धागे वेगळे होते. पॉइंट जमवणारा माणूस धंद्यानिमित्त शहरातल्या हॉटेलात राहणारा, तर ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट पॅकेज टूरवाल्यांचे. मग मोठ्या साखळ्या या किनाऱ्यांवर उतरल्या. हयातने २०२१ मध्ये ॲपल लेझर ग्रुप ही कंपनी सुमारे २.७ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि मेक्सिको-कॅरिबियनमधली कित्येक रिसॉर्टे एका फटक्यात पॉइंटच्या कक्षेत आली. सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या शहरात राहून जमवलेल्या पॉइंटांवर आता सहकुटुंब समुद्रकिनारी पाच दिवस काढता येतात. गंमत म्हणजे निष्ठावान सदस्याला एरवी जे मोठे बक्षीस वाटते, म्हणजे मोफत नाश्ता, त्याला इथे काही अर्थ उरत नाही. नाश्ता सगळ्यांनाच मोफत!

पैसे मोजताना माणसाला प्रत्यक्ष बोचते. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये या बोचणीवर एक गाजलेला निबंध लिहिला. पुढे २००७ मध्ये ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूचे एफएमआरआय केले, तेव्हा किंमत अवाजवी वाटली की ‘इन्सुला’ हा भाग अधिक सक्रिय होताना दिसला. शारीरिक वेदना, किळस अशा नकोशा अनुभवांतही हाच भाग जागा होतो. घरी हॉटेलात गेल्यावर ‘आणखी एक मागवू का?’ या प्रश्नावर लगाम लावणारी बोचणी ती हीच. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये ती निघून जाते, कारण पुढच्या प्रत्येक घासाची आणि घोटाची किंमत शून्य असते. पॉइंटवर आलेल्याला तर मूळ रक्कमही आठवत नाही.

मग तो कमी खातो का? फुकटचे आहे, वसूल काय करायचे, असे म्हणून? अनुभव उलटा आहे. पॉइंट दोन-दोन वर्षे साठवलेले असतात, ते खर्च करताना ‘सार्थकी लावायचे’ हा हट्ट मनात असतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग इथे आठवतो. काहींना पूर्ण किमतीत तिकीट दिले, काहींना अचानक सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटके पाहिली. नंतर हा फरक ओसरला. गुंतलेला पैसा माणसाला ओढत राहतो, पण ती ओढ हळूहळू विरते. रिसॉर्टमध्येही पहिल्या दोन दिवसांच्या आणि चौथ्या दिवसाच्या ताटांत फरक पडत असावा, असा अंदाज करायला जागा आहे. फक्त बहुतेकांची सुट्टी चौथ्या-पाचव्या दिवशी संपते.

बुफेची दुसरी करामत पैशांपलीकडची आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीला ‘नको, नको’ म्हणत ताटावर आडवा हात धरणारा माणूस मठ्ठ्याची वाटी मात्र पुढे करतो. पोट भरलेले असते, पण ते जिलेबीपुरते. बार्बरा रोल्स यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. एकाच प्रकारचे सारण भरलेले सँडविच मिळालेल्यांपेक्षा चार वेगवेगळ्या सारणांचे सँडविच मिळालेल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. एखाद्या चवीचा कंटाळा त्या चवीपुरताच असतो. नवी चव आली की भूक नव्याने जागी होते. अन्न दुर्मीळ असताना विविध पोषणद्रव्ये मिळवायला ही युक्ती उपयोगाचीच होती. मेक्सिकन, इटालियन, जपानी आणि एका कोपऱ्यात ‘इंडियन करी’ मांडलेल्या पन्नास पदार्थांच्या टेबलासमोर तीच अंगावर येते.

यावर ‘छोटी ताटली घ्या’, ‘आधी सगळ्या टेबलाला एक चक्कर मारा’ असे सल्ले सर्रास दिले जातात. त्यांतले बरेचसे कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वॅनसिंक यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्धी पावले. एका इटालियन बुफेतल्या गिऱ्हाइकांवर आधारलेल्या त्यांच्या चार निबंधांत तीन संशोधकांना आकड्यांच्या दीडशेच्या आसपास विसंगती सापडल्या. पुढे त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले आणि विद्यापीठाच्या चौकशीनंतर त्यांनी पद सोडले. तेव्हा ताटलीच्या आकारावर फार भिस्त ठेवू नये. रोल्स यांच्या प्रयोगातून निघणारी वाट अधिक भरवशाची वाटते: एका जेवणाला एकाच देशाचे टेबल. आज मेक्सिकन तर मेक्सिकनच, जपानी उद्या. चव कमी होत नाही, घास कमी होतात.

वजन किती वाढते? लोकांना भीती वाटते तितके नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या जेमी कूपर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एक ते तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेलेल्या १२२ प्रौढांची आधी आणि नंतर वजने घेतली. सरासरी वाढ जेमतेम तीनशे ग्रॅमची. पण परतल्यावर सहा आठवड्यांनीही ती उतरलेली नव्हती. वर्षातून दोन-तीन सुट्ट्या आणि अशी दहा वर्षे, हा गुणाकार ज्याचा त्याने करावा. या लोकांचा ताण मात्र कमी झाला होता आणि रक्तदाबही किंचित उतरला होता, हेही त्याच पाहणीत नोंदले आहे. सुट्टी वाईट असे कोणी म्हणत नाही.

मराठी माणसासाठी मात्र या तीनशे ग्रॅमना वेगळे वजन आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधले शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीयुक्त अशी भारतीय ठेवण असते आणि ती चरबी पोटाभोवती साठते. म्हणून शेजारच्या आरामखुर्चीवर पहुडलेल्या गोऱ्या पाहुण्याकडे पाहून ‘त्याला काही होत नाही, मग मला काय होणार’ हा हिशेब चुकतो.

आता तलावातल्या बारकडे वळू. तिथला गोड, फेसाळ पेला बाहेरून सरबतासारखा दिसतो. अमेरिकी मापात एका ‘स्टँडर्ड ड्रिंक’मध्ये सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे शंभरच्या आसपास कॅलरी निव्वळ अल्कोहोलच्या. साखर, नारळाचे क्रीम, फळांचे सिरप वेगळे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हातावेगळे करू शकते. त्याला घाई करता येत नाही. दुपारी एकपासून दर तासाला दोन पेले झाले तर संध्याकाळपर्यंत उधारी चढतच जाते. मद्याने मूत्राचे प्रमाण वाढते, उन्हाने घाम वाढतो आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाला आपण घामाघूम झालो आहोत हे कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की आरोग्याला सुरक्षित म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

आजोबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक. भारतात मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या भरपूर दिल्या जातात. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. उपाशीपोटी किंवा जेवणाच्या मध्ये साखर खाली जाऊ लागली की यकृत नवी साखर तयार करून तोल सांभाळते. मद्य नेमका यकृताचा हा हात धरून ठेवते. त्यामुळे गोळी घेतलेली, दुपारचे जेवण ‘बुफे काय, केव्हाही मिळतो’ म्हणून लांबलेले आणि मुलाच्या आग्रहाने दोन पेले झालेले, अशा वेळी साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते; कधी कधी काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही. थरथर, बरळणे, झोके जाणे ही लक्षणे दिसली तरी सगळे हसून म्हणतात, ‘आजोबांना जरा चढली!’ आणि साखर तपासायचे कोणाला सुचत नाही. ग्लुकोमीटर खोलीत नव्हे, तलावाकाठच्या पिशवीत हवा. इन्सुलिनचे पेन मात्र त्या पिशवीत तापू देऊ नये. खोलीतला छोटा फ्रिज त्यासाठीच वापरावा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. रक्तदाबासाठी पाणी कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

कानकून आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या किंचित वर. म्हणजे सूर्य तोच, कोन तोच. नागपूरकर मात्र उन्हाळ्यात दुपारी बाराला डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. तोच कानकूनला उघड्या अंगाने तीन तास पडून राहतो. फरक फक्त समुद्रवाऱ्याचा. वाऱ्याने उष्णता जाणवत नाही, पण अतिनील किरणांचे वाऱ्याला काही सोयरसुतक नसते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, तर अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागाच्या तुलनेत ४० टक्के किरण पोहोचतात. पाण्यात बसलो म्हणजे सावलीत बसलो असे नाही. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे थोडे संरक्षण असते खरे, पण डोळ्यांना नसते.

किनाऱ्यावरचे झेंडे बघायला शिकणेही महत्त्वाचे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका आणि काळा म्हणजे पाण्यात उतरायचेच नाही. कानकूनचा पूर्वेकडचा किनारा उघड्या समुद्राला भिडलेला आहे. तिथे परतीचे ओढ प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतात. सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडायचे असते. हे तंत्र दोन पेल्यांनंतर कोणाला आठवत नाही.

२०११ पासून या समुद्रावर आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे: सारगॅसम नावाचे तपकिरी तरंगते शैवाल. उपग्रहांनी जून २०१८ मध्ये टिपलेला त्याचा पट्टा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचे वजन दोन कोटी टनांहून अधिक होते. समुद्रात असते तोवर ते मासे-कासवांचा आसरा असते. किनाऱ्यावर ढीग होऊन कुजले की हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया सोडते. सडक्या अंड्यांचा तो वास. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला त्रास होतो. रिसॉर्टवाले रोज पहाटे ते उपसतात. पाहुण्याला वास चार दिवस येतो, उपसणाऱ्या कामगाराला हंगामभर. साधारण वसंत ते उन्हाळा हा त्याचा जोर. दमा असलेल्यांनी पॉइंट हिवाळ्यासाठी राखावेत.

पॉइंट राखण्याचेही एक मानसशास्त्र आहे आणि त्याचा झोपेशी संबंध आहे. क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये दाखवले होते की भूलभुलैयातला उंदीर खाद्याजवळ पोहोचू लागला की वेग वाढवतो. रान किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॉफीच्या दुकानातल्या शिक्क्यांच्या कार्डावर माणसांत तेच पाहिले: दहावा शिक्का जवळ आला की लोक लवकर लवकर कॉफी प्यायला येतात. त्याच वर्षी जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ यांनी गाड्या धुण्याच्या केंद्रावर आठ शिक्क्यांची कोरी कार्डे आणि दहा शिक्क्यांची, पण दोन आधीच मारलेली, अशी कार्डे वाटली. दोन्हींत मेहनत सारखीच. तरी पहिली १९ टक्के लोकांनी पूर्ण केली, दुसरी ३४ टक्के लोकांनी. हॉटेल साखळ्यांच्या पायऱ्या याच शिडीवर उभ्या आहेत. हयातच्या वरच्या श्रेणीसाठी वर्षाला ६० रात्री लागतात. डिसेंबरात ५४ झाल्या असतील तर उरलेल्या सहा कोणाला झोपू देत नाहीत. मग काही जण आपल्याच शहरातल्या स्वस्त हॉटेलात निव्वळ नोंदणीसाठी राहतात. अमेरिकेत या प्रकाराला चक्क ‘मॅट्रेस रन’ म्हणतात.

पण गादीवर पाठ टेकली म्हणजे झोप झाली असे नाही. ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये आढळले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा हलका झोपतो, आवाजाला चटकन प्रतिसाद देतो. जणू एक जण पहाऱ्यावर. दुसऱ्या खेपेला हा फरक नाहीसा होतो. म्हणजे सहा वेगवेगळ्या हॉटेलांतल्या सहा रात्री या सहा ‘पहिल्या रात्री’ ठरू शकतात. त्याऐवजी एकाच रिसॉर्टमध्ये सलग राहणे मेंदूच्या दृष्टीने चांगले. सुट्टीच्या परिणामांवर काम करणाऱ्या जेसिका डी ब्लूम यांच्या लांब सुट्ट्यांच्या पाहणीत लोकांना सर्वांत बरे वाटले ते आठव्या दिवसाच्या सुमारास आणि कामावर परतल्यावर आठवड्याभरात ते बरे वाटणे ओसरले. दोन आखूड सहलींत विभागलेले पॉइंट एकत्र करून एकच लांब सुट्टी घ्यावी का, यावर त्यातून सरळ उत्तर मिळत नाही. विचार करायला कारण मात्र मिळते.

राहता राहिले पोटाचे दुखणे. प्रवाशांच्या जुलाबांचे प्रमाण ठिकाण आणि हंगामानुसार ३० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते, असे अमेरिकेची सीडीसी सांगते. बुफेत गरम पदार्थ खरोखर गरम म्हणजे ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली हवेत. मधल्या तापमानात जंतूंची चंगळ. वाफ निघत नसलेली करी, वितळलेल्या बर्फात तरंगणारी कोळंबी यांना लांबूनच नमस्कार करावा. बुफे मांडल्या मांडल्या जाणारा शहाणा. दारूने बर्फातले जंतू मरतात ही निव्वळ समजूत आहे. शेकडो हात लागलेल्या एकाच डावामुळे नोरोव्हायरस पसरू शकतो आणि त्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. वाढून घेतल्यावर, खायला बसण्याआधी साबणाने हात धुणेच कामाचे. तलावातल्या क्लोरीनवरही पूर्ण विसंबू नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यात कित्येक दिवस तग धरतो, म्हणून नातवंडांना ते पाणी तोंडात घेऊ देऊ नये आणि जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात सोडू नये. ओआरएसची पाकिटे भारतातूनच न्यावीत.

काही दुखणी मात्र रिसॉर्टमध्ये दिसतच नाहीत. २०१५ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत याच किनाऱ्यावरच्या रिव्हिएरा मायाहून ब्रिटनला परतलेल्या शेकडो पर्यटकांत सायक्लोस्पोरा हा परजीवी सापडला होता. तो कच्ची फळे, पालेभाज्या, कोथिंबीर यांतून पोटात जातो आणि साधारण आठवड्याने त्रास देऊ लागतो. तोवर पट्टा कापून झालेला असतो, आजोबा कदाचित नागपूरलाही परतलेले असतात. जुलाब थांबतात, पुन्हा सुरू होतात, थकवा जात नाही, भूक मरते. घरातले म्हणतात, पाणी बदलले. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत हा परजीवी बहुधा सुटतो. प्रयोगशाळेला तो खास शोधायला सांगावा लागतो. सापडला तर को-ट्रायमॉक्साझोल या जुन्या औषधाने बरा होतो. ते औषध सल्फाचे आहे, म्हणून सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालायचे, आणि त्याआधी मेक्सिकोला जाऊन आलो, हे.